ट्रॉम्बोन हार्पला झाकून टाकतोय, काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे तुमचे दोन मित्र, एक ट्रॉम्बोनवाला आणि एक हार्पिस्ट, दोघांना एकत्र वाजवायला १० मिनिटांचा पीस हवाय, तुमचे तीन ड्राफ्ट झालेत, तिन्हीत हार्प ऐकूच येत नाही. मग तुम्ही ट्रॉम्बोनला सगळीकडे म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवायचं आवाज दाबणारं बूच) लावून पियानिसिमोत, म्हणजे अगदी हळू आवाजात, बसवलंत तर आता हार्प ऐकू येते पण पीसमधला जीवच गेलाय. आणि शेवटी विचारलंय की माइक लावू, का सरळ तिसरं वाद्य घेऊन मोकळा होऊ.

तुम्ही ड्राफ्टची सुरुवातीची पानं टाकलीत त्यावरून मला जे दिसतं ते सांगतो. हार्प पसरलेले कॉर्ड वाजवतेय आणि ट्रॉम्बोन वर लांब मेलडी गातोय. म्हणजे तुम्ही हार्पला पियानो समजून घेतलंय आणि ट्रॉम्बोनला चेलो. दोघं एकाच वेळी, एकाच पट्टीतल्या मधल्या सप्तकात, न थांबता. असं लिहिल्यावर आवाजाचं भांडण होणारच, आणि त्यात हार्प हरणार हे काय सांगायला हवं. पण आवाज कमीजास्त हा वरवरचा त्रास झाला. दोघांचा आवाज जन्मतो कसा आणि मरतो कसा, हे तुम्ही अजून वापरलेलंच नाहीये, माझ्या मते खरी अडचण ती.

हे मी शहाणपणाने नाही, मार खाऊन सांगतोय. याच जोडीसाठी मी दोनदा लिहिलंय आणि पहिला पीस साफ फसला होता. मीही तेच केलं, कप म्यूट लावला आणि म्हटलं झालं बॅलन्स. रिहर्सलनंतर ट्रॉम्बोनवाला म्हणाला की नऊ मिनिटं उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटतंय, आणि हार्पिस्ट काही बोललीच नाही, नुसती पानं गोळा करत बसली. ते जास्त लागलं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी विचारून घ्या. हार्प पेडलची (पायाने स्वर बदलायची) आहे का लिव्हरची (हाताने बदलायची)? मी पुढे जे लिहिणारे ते ४७ तारांच्या पेडल हार्पला धरून. लिव्हर हार्प असेल तर स्वर बदलायला एक हात तारांवरून उचलून लिव्हरकडे न्यावा लागतो, म्हणजे लिहिण्याची पद्धतच बदलते. ट्रॉम्बोन टेनर आहे का बेस, टेनर असेल तर एफचा ट्रिगर, म्हणजे जादा नळी उघडणारी अंगठ्याची कळ, आहे का, आणि त्याच्याकडे म्यूट नक्की कुठले आहेत. स्ट्रेट आणि कप बहुतेकांकडे असतात, बकेट आणि हार्मन असेलच असं नाही. खोली केवढी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाद्यावर वेगळं काही करायला ते किती तयार आहेत. काही हार्पिस्ट जाड तारांवर धातूची वस्तू टेकवू देतात, काही अजिबात नाही, आणि नाही म्हटलं तर विषय संपला, वाद्य त्यांचं आहे.

आता मुद्द्यावर येतो. हार्पचा स्वर छेडला की तो त्या क्षणी सगळ्यात मोठा असतो, तिथून फक्त उतरत जातो. खालच्या तारांची आस कित्येक सेकंद टिकते, अगदी वरच्या तारा मात्र टिक करून संपतात. छेडल्यावर वाजवणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही, तार दाबून बंद करता येते एवढंच. ट्रॉम्बोनचं बरोब्बर उलट. तो शून्यातून, कुठे सुरू झाला ते कळणार नाही असा, श्वासातून येऊ शकतो, मग फुगू शकतो, परत विरू शकतो. एकाकडे आघात आहे पण वाढ नाही, दुसऱ्याकडे वाढ आहे आणि आघात हवा असेल तर आहे, नको असेल तर लपवता येतो. ही दोन वाद्यं एकमेकांना पुरी करतात की!

म्हणून पहिला प्रयोग हा करून बघा. हार्पला खालचा बी फ्लॅट द्या, एकच स्वर, मेझो फोर्टे, म्हणजे मध्यम मोठा. एक सेकंदानंतर, तार अजून घुमत असताना, ट्रॉम्बोन त्याच स्वरावर शून्यातून आत येतो आणि चार-पाच सेकंदांत फुगत जातो. ऐकणाऱ्याला ट्रॉम्बोन आला कधी ते कळतच नाही, त्याला वाटतं हार्पची तारच मोठी होत चाललीय, जे कुठल्याच तारेला जमत नाही. पहिल्यांदा हे खोलीत ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि यात म्यूट नाही, बॅलन्सचा प्रश्न नाही, कारण हार्पचं काम ट्रॉम्बोन मोठा होण्याआधीच झालेलं असतं. एवढ्या एका गोष्टीवर माझ्या दुसऱ्या पीसची पहिली तीन मिनिटं उभी आहेत. एकच सांभाळायचं, ट्रॉम्बोनला उंच स्वरावर असं शून्यातून यायला सांगू नका, मधल्या सी च्या वर गेलं की इतकं हळू सुरू करणं जिकिरीचं होतं आणि स्वर फुटायची भीती असते.

आता हेच उलटं करा. हार्पला पियानोसारखे डॅम्पर (तार दाबून बंद करणाऱ्या गाद्या) नसतात, म्हणजे हाताने दाबल्या नाहीत तर सगळ्या तारा कायम मोकळ्या. सतारीच्या तरफा आठवा. हार्पिस्टने काहीही न वाजवता पेडल एका ठरलेल्या जागी लावून ठेवायचे, ट्रॉम्बोनवाल्याने बेल, म्हणजे वाद्याचं रुंद तोंड, तारांच्या जवळ नेऊन एक आखूड, जोरकस स्वर मारायचा आणि थांबायचं. मागे ज्या तारा त्या स्वराच्या नात्यातल्या आहेत त्या हळूच घुमत राहतात. पेडल बदलले की घुमणाऱ्या तारा बदलतात, म्हणजे हार्पिस्ट एकही तार न छेडता हार्मनी बदलतेय. तुम्हाला ट्रॉम्बोन मोठ्याने वाजवायला मिळाला आणि तरी हार्प ऐकू आली! इटालियन संगीतकार बेरिओने १९८४ मध्ये ट्रम्पेट आणि पियानोच्या गुंजेसाठी एक सिक्वेन्झा (एकेका वाद्यासाठीच्या त्याच्या मालिकेतली रचना) लिहिलाय, दहावा, त्यात ट्रम्पेट पियानोच्या आत वाजवतात, तीच जात. हार्पमध्ये गुंज पियानोपेक्षा बारीक येते हे धरून चाला, म्हणजे नंतर खरी शांतता लिहावी लागेल, दोन-तीन सेकंद तरी. आणि ती स्कोअरमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर वाजवणारे घाईने पुढे जातात.

दुसरा खजिना ग्लिसांडोचा. गंमत बघा, दोन्ही वाद्यं ग्लिसांडोसाठी बदनाम आणि दोघांचे ग्लिसांडो एकमेकांच्या विरुद्ध. ट्रॉम्बोनचा म्हणजे खरी मींड, मधे एकही पायरी नाही, पण पल्ला आखूड. स्लाईडच्या, म्हणजे आतबाहेर सरकणाऱ्या नळीच्या, ७ पोझिशन, दोन शेजारच्या पोझिशनमध्ये अर्धा स्वर, म्हणजे एका ओढीत जास्तीत जास्त ६ अर्धे स्वर. हार्पचा म्हणजे जिना, एकेक पायरी वेगळी, पण पल्ला हवा तेवढा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि पायऱ्या कुठल्या ते ७ पेडल ठरवतात, प्रत्येक पेडल एका नावाच्या जवळपास सगळ्या तारांना फ्लॅट, नॅचरल किंवा शार्प करतो.

इथे नवीन लिहिणारे हमखास एक चूक करतात, तुमच्या दुसऱ्या पानावरही ती आहे. तुम्ही ट्रॉम्बोनला खालच्या बी नॅचरलवरून बी फ्लॅटवर घसरायला लावलंय, अर्ध्या स्वराची छोटीशी मींड, कागदावर किती निरागस दिसते. पण बी फ्लॅट पहिल्या पोझिशनमध्ये आहे आणि त्याच्या लगतचा बी नॅचरल सातव्यात, पूर्ण हात लांब करून. मधे स्लाईड सगळी आत घ्यावी लागते आणि ओठांनी वेगळ्या हार्मोनिकवर (त्याच नळीतून नुसत्या ओठांच्या ताणाने निघणाऱ्या वेगळ्या स्वरावर) उडी मारावी लागते, मींड होतच नाही. ट्रिगर असेल तर तो बी नॅचरल जवळ मिळतो, पण तेव्हा नळीची लांबीच वेगळी, त्यामुळे सलग घसरणं तरीही नाही. एफ वरून खाली बी नॅचरलपर्यंत जा, ते सुरेख होतं, एकाच हार्मोनिकवर पहिल्यापासून सातव्यापर्यंत. पोझिशनचा तक्ता छापून टेबलासमोर चिकटवा, मी अजून चिकटवलेला आहे आणि अजून बघतो.

आणि दोघांच्या मधली एक जागा आहे जिथे ते खरंच भेटतात. हार्पिस्टने खालची तार छेडायची आणि ती घुमत असताना पेडल फ्लॅटवरून नॅचरलवर, तिथून शार्पवर न्यायचा. स्वर तारेवरच सरकतो, मधे किंचित खरखर येते, जवारीसारखी. शुद्धतावाद्यांना ती खरखर नको असते, मला तीच हवी असते. त्याच वेळी ट्रॉम्बोन तेवढीच मींड घेतो, स्ट्रेट म्यूट लावून, म्हणजे त्याचाही आवाज जरा खरखरीत. दोन क्षण कळत नाही कोण कोण आहे. अशी जागा १० मिनिटांत एकदाच ठेवा, फार तर दोनदा. मी एका ड्राफ्टमध्ये आठ वेळा घातली होती, तिसऱ्या वेळेलाच तिचा विनोद झाला.

सुरांबद्दल. हार्प ट्यून करून बसते, पेडलने अर्धा स्वर सरकेल पण त्याच्या मधलं काही वाजवता वाजवता नेमकं धरता येत नाही. ट्रॉम्बोन मात्र जिथे हवं तिथे थांबू शकतो. बहुतेक लोक म्हणतात ट्रॉम्बोनवाल्याने हार्पशी जुळवून घ्यावं, बरोबर आहे, ९० टक्के वेळा घ्यावंच. पण उरलेल्या वेळी? पहिल्या पोझिशनमधला सातवा हार्मोनिक, म्हणजे मधल्या सी च्या वरचा ए फ्लॅट, हार्पच्या ए फ्लॅटपेक्षा सुमारे ३१ सेंट उतरलेला असतो, अर्ध्या स्वराचा जवळपास तिसरा हिस्सा. एरवी वाजवणारे तो सावरून घेतात, स्लाईड आणखी आत ओढता येत नाही म्हणून त्याऐवजी तिसरी पोझिशन घेतात. त्याला सांगा की सावरू नको. हार्पने तोच ए फ्लॅट छेडला की दोघांत सेकंदाला साधारण ७ ठोके ऐकू येतात, थरथर, आणि हार्पची आस उतरत गेली की ती थरथरही विरते. दोघं हळू हवेत, आणि स्कोअरमध्ये बाण काढून वर एक ओळ लिहा की हे मुद्दाम आहे, नाहीतर रिहर्सलमध्ये बिचाऱ्याला वाटेल आपण बेसूर झालो.

ट्रॉम्बोन फ्लॅटकडे झुकलेलं वाद्य आहे, आणि हार्पचे सगळे पेडल वर, म्हणजे सगळे स्वर फ्लॅट, तेव्हा तारा सगळ्यात लांब आणि मोकळ्या असतात आणि वाद्य सगळ्यात छान घुमतं. तुमचा ड्राफ्ट ई मेजरच्या आसपास आहे. अर्धा स्वर खाली ई फ्लॅटला आणून बघा, दोघंही तुम्हाला दुवा देतील. एवढ्यानेसुद्धा हार्प थोडी मोठी झाल्यासारखी वाटेल.

सप्तकांची वाटणी फार लांबवत नाही. मधल्या सी च्या खालचं सप्तक ट्रॉम्बोनचं घर आहे, तिथे तो असेल तर हार्पला त्याच्या बाजूला कॉर्ड देऊ नका. एकतर खाली न्या, जिथे तारा जाड आहेत आणि स्वर टिकतो, किंवा दोन सप्तकं वर न्या, जिथे स्वर टिकत नाही पण त्याचं टोक ट्रॉम्बोनच्या अंगातून आरपार जातं. साउंडबोर्डजवळ (तारा खाली जिथे पेटीला बांधलेल्या असतात तिथे) किंवा नखाने छेडलं तर अजून कडक. एकाच तारेवर वेगाने तोच स्वर मागू नका, घुमणाऱ्या तारेला परत बोट लागलं की आधीचा स्वर मरतो. जी शार्प आणि ए फ्लॅट अशा दोन तारा एकाच स्वराला लावून आलटून पालटून वाजवायच्या, मग कितीही वेगात होतं. आणि हातात चारच बोटं धरा, करंगळी वापरत नाहीत.

पेडलचा हिशोब तुम्ही स्वतः करा, हार्पिस्टवर टाकू नका. डावा पाय डी, सी, बी, उजवा ई, एफ, जी, ए. एका पायाच्या बाजूचे दोन पेडल एका क्षणी बदलायला लागले की गडबड. मी अंगठ्याएवढ्या चिठ्ठ्यांवर पेडलच्या जागा काढून टेबलाखाली पाय हलवत बसतो, घरातले हसतात. ट्रॉम्बोनचा हिशोब सोपा वाटतो पण म्यूट लावायला-काढायला वेळ द्यावा लागतो, मी किमान पाच-सहा सेकंद देतो, आणि म्यूट खाली ठेवल्याचा आवाज येतो हे विसरू नका. नेमक्या तुमच्या त्या हळुवार शांततेत ठक्क. तो वेळ हार्पला एकटीला द्या, सोलोची जागा आपोआप मिळते.

त्यावरूनच पुढचं. दोघं सतत वाजले पाहिजेत असं कोणी सांगितलं? तुमच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या ६४ बारमध्ये एकही बार असा नाही जिथे एक जण गप्प आहे. जुगलबंदीतसुद्धा एक वाजवतो तेव्हा दुसरा ऐकतो. सलग दीड-दोन मिनिटं हार्प एकटी, मग ट्रॉम्बोन एकटा पूर्ण आवाजात, म्यूट नाही काही नाही, असं झालं की कानाला दोघांचं माप कळतं, आणि नंतर एकत्र आले की हार्प आपसूक जास्त ऐकू येते कारण कान तिला शोधायला लागलेला असतो. दोघांची एकेकट्याची ताकद ऐकायची असेल तर बेरिओचेच दोन सिक्वेन्झा ऐका, १९६३ चा हार्पसाठीचा आणि १९६६ चा ट्रॉम्बोनसाठीचा. पहिला ऐकल्यावर हार्प म्हणजे परीकथेतलं वाद्य हा समज जातो. दुसऱ्यात वाजवणारा वाद्यातून वाजवता वाजवता गातोसुद्धा, आणि ते तुमच्या कामाचं आहे, कारण गाणं आणि वाजवणं दोन्ही हळू असेल तर ट्रॉम्बोनचा आवाज एकदम खोलीभर न पसरता आत वळतो.

काम कसं करायचं तर पूर्ण पीस लिहून नेऊ नका. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे सहा-सात तुकडे लिहा, वर सांगितलेले प्रयोगच घ्या, आणि एक तास दोघांना खोलीत बसवा. रेकॉर्ड करा, फोन चालेल, पण फोन हॉलच्या मागच्या भिंतीशी ठेवा, स्टँडवर नको. तारांची आस तिथून घड्याळ लावून मोजा, मी तर टेम्पोच त्यावरून ठरवतो. आणि सॉफ्टवेअरच्या प्लेबॅकवर अजिबात विश्वास ठेवू नका, त्यात हार्प आणि ट्रॉम्बोन दोघांना आवाजाची सारखीच बटणं असतात, तुम्ही बटण खाली केलं की ट्रॉम्बोन आज्ञाधारकपणे गप्प बसतो. खरा माणूस तसा बसत नाही, आणि त्याने बसावं असं मला वाटतही नाही.

बसवण्याचंही बघा. ट्रॉम्बोनचा आवाज बेल जिकडे तिकडे जातो. बेल श्रोत्यांकडून बाजूला वळवून, हार्प पुढे आणि ट्रॉम्बोन जरा मागे घेतला तर फुकटात बराच फरक पडतो. मात्र तो तारांमध्ये वाजवायचा भाग असेल तर त्याला चालत हार्पजवळ यावं लागेल, मग ते चालणं स्कोअरमध्ये लिहा.

तिसऱ्या वाद्याबद्दल. फ्रेंच संगीतकार डेबुसीने १९१५ च्या सोनाटात बासरी आणि हार्पच्या जोडीला आधी ओबो घ्यायचा विचार केला होता, मग व्हायोला घेतला. मला वाटतं त्यामुळेच ते जमलंय, व्हायोलाला छेडताही येतं आणि स्वर लांब धरताही येतो, म्हणजे तो दोघांच्या मधला पूल होतो. तुमच्याकडे पूल नाही. पण मित्रांनी दोघांसाठी मागितलंय, तिघांसाठी नाही, आणि तिसरा आला की तुम्ही परत कॉर्ड आणि मेलडीकडे जाल असं मला पान बघून वाटतंय. नका घेऊ.

माइकला माझी हरकत नाही, पण आत्ता नको. आधी बिनमाइकचं पूर्ण करा. नंतर हार्पच्या साउंडबोर्डजवळ एक लावलात तर तो पेडलची खरखर, बोट तारेवर टेकल्याचा आवाज, असं बारीकसारीक उचलण्यासाठी लावा. आणि ई फ्लॅटमध्ये आणलेलं पहिलं पान झालं की इथेच टाका, पेडल मी तपासून देतो.